‘ठग’ कोणाला म्हणता?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याने आपल्या मोटरसायकलच्या मागच्या मडगार्डवर रेडियमची अक्षरं कापून लावून घेतली. इंग्रजीत दोन शब्द, ‘ठग लाइफ’. त्याच दिवशी, त्याच रेडियमवाल्याकडे, त्याच्या जिवलग दोस्तानेही आपल्या गाडीवर हेच दोन शब्द लावले. दोस्त आमच्या शेणव्याचाच, कुणब्याचा मुलगा. दोघं एका बाकावर शिकले, दहावीला एकाच विषयात नापास झाले आणि आता भिवंडीकडच्या एकाच गोदामात पाळीला जातात.

आठवडाभराने कामावरून परतताना एका नाक्यावर दोघांनाही अडवलं. कागदपत्रं दोघांकडे होती. दोस्ताला नाव विचारलं. मडगार्डवरची अक्षरं पाहून विचारणारा हसला, ‘हिरो झालास काय रे?’ म्हणाला आणि जा म्हणाला. मग भाच्याला नाव विचारलं. नावानंतर गाव, गावानंतर बापाचं नाव, त्यानंतर पाठीवरची पिशवी, त्यानंतर मोबाइल. आणि मग अक्षरांवर बोट ठेवून, ‘ठग आहेस होय? गाडीवरच लिहून फिरतोस?’ तासभर उभं केलं. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोस्ताला जायला सांगितलं होतं, तरी तो तासभर रस्त्याच्या कडेला गाडी लावून थांबला, हेही सांगितलं पाहिजे.

घरी आल्यावर माझ्या मेहुण्याने पहिलं काम केलं ते सुरी घेऊन अक्षरं खरवडण्याचं. बहीण रडत म्हणाली, ‘आपल्या पोरांनी असले चाळे करायचे नसतात.’ मशिदीतून परतणाऱ्या बुजुर्गांनी निकाल दिला, की ही सगळी फिरंगी फॅशन, मोबाइलने पोरं बिघडवली. भाचा मात्र माझ्याकडे आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. ‘मामू, तुम्ही एवढी वर्षं मराठी शिकवलंत. तोच शब्द त्याच्या गाडीवर गंमत होता, मग माझ्या गाडीवर कबुलीजबाब कसा काय झाला?’

जिल्हा परिषदेच्या शाळांतून अख्खी नोकरी मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाजवळ त्या रात्री उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे. ते भाच्याला सांगून झालं आहे. आता त्याच्या वडिलांना, आमच्या बुजुर्गांना, नाक्यावरच्या त्या विचारणाऱ्याला आणि ‘शब्दात काय ठेवलंय?’ म्हणणाऱ्या माझ्या शहाण्या मित्रांना सांगायचं आहे.

सुरुवात बुजुर्गांपासून. हा शब्द फिरंगी नाही. तो इथलाच आहे, आपल्या घरातला आहे. संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. सभा ‘स्थगित’ झाली म्हणतो तेव्हा त्याच धातूचा शब्द आपण वापरतो. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, जे आहे ते झाकून भलतंच दाखवणारा. पुढे हिंदीत ‘ठग’, मराठीत ‘ठक’. मराठीने तर या शब्दाचं मोठं कुटुंब वाढवलं. ठकडा, ठकबाजी, ठकसेन, ठकास महाठक. यात रक्त नाही, गळफास नाही. शेरास सव्वाशेर भेटतो त्याची गंमत आहे, थोडं कौतुकही आहे.

मराठीने आणखी एक गोष्ट केली. ‘ठकवणे’ म्हणजे फसवणे आणि ‘ठकणे’ म्हणजे फसणे. ‘मी ठकलो’ असं आपण म्हणतो ते फसवलं गेल्यावर. म्हणजे एकाच मुळातून फसवणाराही उभा राहतो आणि फसलेलाही. मराठी माणसाने ‘ठक’ म्हटलं की दुसऱ्या टोकाला कोणीतरी ठकलेला आहे, याची आठवण शब्दातच राहते. इंग्रजीने हा शब्द उचलला तेव्हा अर्धाच उचलला. ठकलेला इथेच पडून राहिला. माझं सगळं भांडण या राहून गेलेल्या अर्ध्या शब्दाचं आहे.

तो इंग्रजीत गेला कसा, ते पाहू. पेशवाई बुडाली, पेंढाऱ्यांचा मोड झाला आणि कंपनी सरकारच्या हाती मध्य हिंदुस्थानचे रस्ते आले. त्या रस्त्यांवर वाटसरूंना गाठून, त्यांच्याशी दोस्ती करून, मग रुमालाने गळा आवळून मारणाऱ्या टोळ्या होत्या. दक्षिणेत त्यांना ‘फांसीगर’ म्हणत. मद्रासेत शेरवूड नावाच्या डॉक्टरने १८१६ सालीच त्यांच्यावर लिहिलं होतं. खून झाले, विहिरींतून सांगाडे निघाले. ते खोटं ठरवायचा माझा इरादा नाही आणि मारेकऱ्यांना क्रांतिकारक ठरवायची हौस तर मुळीच नाही. वाटेत मारला गेलेला शिपाई किंवा व्यापारी हाही गरिबाघरचा कर्ता माणूसच होता.

प्रश्न पुढचा आहे. जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने या टोळ्यांचा बंदोबस्त करायचं मनावर घेतलं आणि १८३६ साली कलकत्त्याहून एक पुस्तक छापलं. नाव ‘रमासियाना’. हे पुस्तक म्हणजे चक्क शब्दकोश आहे. ठगांच्या बोलीतले शब्द आणि त्यांचे अर्थ. गळा आवळणारा तो ‘भुर्टोट’, सावज पटवणारा तो ‘सोथा’, खुणेचा शब्द तो ‘झिरनी’. माफीच्या साक्षीदारांना बसवून त्यांच्या तोंडून शब्द वदवून घेतले आणि ज्याअर्थी यांची भाषा वेगळी, त्याअर्थी यांची जातच वेगळी, यांचा पंथच खुनाचा, असा सिद्धांत उभा केला.

आता मी शेणव्याचा माणूस म्हणून विचारतो. लहानपणी वडिलांबरोबर मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेला जायचो. बैलबाजारात दलाल हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. सराफ-दलालांची ‘नंदभाषा’ तर मराठीत प्रसिद्धच आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याला कळू नये असे आकडे बोलायची खास बोली. महानुभावांनी आपल्या पोथ्यांसाठी सांकेतिक लिप्या घडवल्या. यांपैकी कोणाच्या गुप्त भाषेवरून कोणी त्यांची जात गुन्हेगार ठरवली? पेढीवर बसलेल्याची गुप्त बोली म्हणजे हुशारी, रस्त्याने हिंडणाऱ्याची गुप्त बोली म्हणजे गुन्ह्याचा पुरावा! रुमाल दोघांच्याही हातात होता.

त्याच १८३६ साली कायदा झाला, त्या वर्षाचा तिसावा. ठगांच्या टोळीत कधीही सामील होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप आणि सक्तमजुरी. कायदा होण्याच्या आधी सामील असला तरी हीच शिक्षा. अमुक माणसाने तमुक खून केला हे दाखवायची गरज उरली नाही. तो ‘ठग’ आहे एवढं पुरे. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. शब्द होता, अर्थ नव्हता. अर्थ साहेबाच्या आणि माफीच्या साक्षीदाराच्या तोंडात होता. काही वर्षांच्या मोहिमेत चारशेहून अधिक लोक फासावर गेले.

शब्द आधी आणि गुन्हा नंतर, ही रीत तिथे पडली. १८६० च्या भारतीय दंड विधानात कलम ३१० आणि ३११ ही खास ‘ठगा’साठी होती. खुनासह दरोडा किंवा मुलं पळवणं यासाठी नेहमी संगनमत करणारा तो ठग, आणि शिक्षा जन्मठेप. ठग संपून पिढ्या गेल्या, ठगी आणि दरोड्यांसाठी काढलेलं खास खातं १९०४ साली बंद झालं, इंग्रज गेला, तरी कलमं राहिली. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा कुठे ‘ठग’ आपल्या फौजदारी कायद्यातून गेला. म्हणजे माझा भाचा जन्मला, शिकला, नापास झाला, कामाला लागला, तोवर तो शब्द कायद्यात जिवंत होता.

ठगांवर केलेला प्रयोग पुढे जमातीच्या जमातींवर झाला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हे त्याचंच अपत्य. १९११ साली नवा कायदा करून तो अधिक व्यापक झाला आणि मुंबई इलाख्यातही वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यांतली मोठी. तारेच्या कुंपणात माणसं, त्यांची मुलं आणि रोजची हजेरी. मूल जन्मताच गुन्हेगार. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. कुंपण निघालं, पण नाव काही निघालं नाही. भटक्या-विमुक्तांचे कार्यकर्ते हे आपल्याला इतकी वर्षं सांगत आले आहेत आणि आपण त्यांच्या सभांना टाळ्या वाजवून घरी येतो.

तिकडे इंग्रजीत काय चाललं होतं? १८३९ साली फिलिप मेडोज टेलर याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनमध्ये निघाली आणि तुफान गाजली. हा टेलर निजामाच्या नोकरीतला, पुढे आपल्या धाराशिवच्या नळदुर्गला अधिकारी होता. माणूस रयतेविषयी कळवळा असलेला. पण स्लीमनचा गाजलेला माफीचा साक्षीदार फिरंगिया हा जन्माने ब्राह्मण सांगितला जातो, ठगांच्या टोळ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही होते, आणि कादंबरीचा नायक झाला तो अमीर अली. इंग्रजी वाचकाच्या मनात ठगाला चेहरा मिळाला तो असा. पुढे सिनेमाने त्याच ठगाला गंध लावून, काळ्या दगडाच्या देवीपुढे बसवून हिंदू केला. १९८४ चा ‘टेंपल ऑफ डूम’ पाहा. ज्याला जसा हवा तसा ठग मिळतो. तेव्हा ‘तुमचे ठग की आमचे ठग’ या वादात आपण शिरू नये. ज्या कलमबहाद्दरांनी सुरतेच्या वखारीतून शिवाजी महाराजांना बंडखोर आणि लुटारू लिहिलं, त्यांचीच ही जात. मराठी माणसाला ते झोंबलं आणि झोंबायलाच हवं. मग त्याच लेखणीने दिलेली इतर नावं मात्र आपण मुकाट कशी वापरतो?

नाव देणाऱ्याची सोय कशी चालते, याचा एक नमुना टोंकचा. पेंढाऱ्यांशी ज्याचं नाव जोडलं जात होतं तो पठाण सरदार अमीर खान. १८१७ साली कंपनीने त्याच्याशी तह केला आणि तो टोंकचा नबाब झाला. ज्यांच्याशी तह झाला नाही ते पेंढारीच राहिले आणि पेंढारी म्हणूनच मेले.

कादंबरी निघाली त्याच १८३९ साली कार्लाइल या नामांकित स्कॉटिश लेखकाने ‘ग्लासगोचे ठग’ असा शब्दप्रयोग केला. कोण होते हे ठग? ग्लासगोच्या कापडगिरण्यांतले सूतकताई कामगार. १८३७ साली त्यांनी संप केला, हिंसेचे आरोप झाले, पुढाऱ्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची सजा झाली. शब्द हिंदुस्थानातून विलायतेला पोचायचा अवकाश, तो लागला तो गिरणीकामगाराला! भिवंडीच्या लूमवर रात्रपाळी केलेल्या आपल्या वाचकांनी याचा अर्थ लावावा.

तिथून तो अमेरिकेत गेला. आधी गुंड, दांडगट एवढाच अर्थ. हळूहळू तो काळ्या तरुणांसाठी राखीव झाला. जुनी जातिवाचक शिवी तोंडातून काढायला लाज वाटू लागली, तेव्हा तिच्या जागी हा सभ्य शब्द बसला. २०१४ साली रिचर्ड शेर्मन या काळ्या फुटबॉलपटूने ही गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने गुडघ्याखाली चिरडून मारलं. लोक रस्त्यावर आले. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या लोकांना ‘ठग’ म्हटलं आणि ‘लूट’ सुरू झाली की गोळीबार सुरू होतो अशी तंबी दिली. ठग आणि लूट! एका संदेशात दोन्ही शब्द आपल्या मातीतले. कंपनीने इथून काय काय नेलं त्याच्या याद्या आपण करतो, त्यांत ही दोन नावंही टाका. आधी लूट नेली, मग ‘लूट’ हा शब्दही नेला.

भाच्याच्या मडगार्डवरची अक्षरं मात्र वेगळ्या वाटेने आली. टुपाक शकूर नावाचा काळा गायक होता. ‘शकूर’ हे नाव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याची आई ब्लॅक पँथरची कार्यकर्ती. त्याने हे दोन शब्द आपल्या पोटावर गोंदवून घेतले होते. तुम्ही आम्हाला ठग म्हणता ना, मग हे घ्या, असा तो पवित्रा. त्या अक्षरांची फोड करून तो सांगे, की लहान मुलांना तुम्ही जो द्वेष पाजता तो उद्या सगळ्यांनाच भोवतो. १९९६ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, गोळ्या घालून त्याला मारलं. पुढे मोबाइलवर त्या शब्दांचा विनोद झाला. कोणी खोडी काढली, उलट उत्तर दिलं, की चित्रात आकाशातून काळा चष्मा उतरतो आणि त्याच्या नाकावर बसतो. भाच्याने एवढंच पाहिलं होतं. टुपाक कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपला शब्द दोनशे वर्षांची सफर करून, अंगावर इतके वार घेऊन परत आला आहे, हेही ठाऊक नव्हतं. त्याला ती डौलदार अक्षरं वाटली. नाक्यावर कळलं, की शब्द कितीही फिरून आला तरी इथला हिशेब इथेच आहे.

म्हणून माझं भाच्यालाही एक सांगणं आहे. अपमानाचा शब्द स्वतःच्या छातीवर लावणं ही जुनी आणि इभ्रतीची रीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिलं. समाजाने त्यांच्या जमातीला चिकटवलेलं चोरीचं नाव त्यांनी मुखपृष्ठावर छापलं आणि १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी पँथर हे नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या काळ्यांकडूनच. पण गायकवाडांनी नावापुढे आख्खी हकिकत लिहिली. भूक, मार, पोलीस, शाळा, सगळं. हकिकतीशिवाय लावलेलं नाव म्हणजे नुसतं रेडियम. समोरच्याच्या दिव्याचा प्रकाश पडला तरच चमकतं, आणि कसं चमकायचं हे दिवा धरणारा ठरवतो.

आता ‘शब्दात काय ठेवलंय?’ म्हणणारे मित्र. यांत आपले पुरोगामी मित्रही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की भाकरीचे प्रश्न मोठे, शब्दांचे लाड कशाला? त्यांना मी तीन गावांची नावं देतो. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून जमावाने ठेचून मारलं. पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले, १६ एप्रिल २०२०. दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांना ‘चोर’ म्हणून मारलं. आणि आपल्याच शहापूर तालुक्यातलं विहीगाव, जून २०२३. तिथून जनावरं घेऊन निघालेल्या तरुणांचा टेम्पो अडवला गेला, ‘तस्कर’ म्हणून मारहाण झाली आणि त्यांच्यातल्या तेवीस वर्षांच्या एकाचा मृतदेह इगतपुरीजवळ घाटनदेवीच्या दरीत सापडला. भटके, साधू, मुसलमान. मारणारे वेगळे, मरणारे वेगळे. रीत एकच, १८३६ ची. आधी शब्द लावा, मग चौकशीची गरज उरत नाही. ‘मुलं पळवणारी टोळी’ हे तर दंड विधानातल्या ठगाच्या व्याख्येतलंच अर्धं वाक्य. ज्यांनी ते ओरडून लोक जमवले त्यांनी कायद्याचं पुस्तक कधी पाहिलंही नसेल. शब्दाला पुस्तक लागत नाही.

दुसरे आहेत भाषाशुद्धीवाले. मराठीतले सगळे गुंड-मवाली शब्द अरबी-फारशीतून, म्हणजे पर्यायाने आमच्याकडून आले, असा त्यांचा एक लाडका सिद्धांत असतो. ‘मवाली’ अरबी आहे, कबूल. पण अरबीत तो ‘मौला’चं अनेकवचन आहे. आश्रित, अंकित असा एक अर्थ. उमय्या खलिफांच्या काळात अरब नसलेल्या नवमुसलमानांना मवाली म्हणत आणि त्यांना दुय्यम लेखत. म्हणजे तिथेही हा शब्द खालच्या पायरीवर उभ्या माणसाचाच. ‘बदमाश’ म्हणजे ज्याची ‘मआश’, उपजीविका, वाईट तो. ज्याला धड काम नाही त्याच्यावर संशय घ्यायची सोय शब्दातच. या दोन्ही शब्दांचा दोष अरबी-फारशीवर टाकायचा असेल, तर ‘इमान’, ‘हक्क’, ‘कायदा’, ‘वकील’, ‘जमीन’ यांचं श्रेयही त्याच खात्यावर मांडा. आणि इंग्रजीला ‘ठग’ दिला म्हणून संस्कृतला कोणी बदनाम केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. भाषा गुन्हेगार नसतात. ज्याच्या हातात नाका असतो तो शब्दाला दात देतो.

तिसरे आमचे मेहुणे आणि बहीण. त्यांच्याविरुद्ध लिहिताना हात जड होतो. ‘आपल्या पोरांनी असले चाळे करायचे नसतात’ हे वाक्य भीतीतून येतं आणि ती भीती खोटी नाही. पण या वाक्याचा अर्थ काय होतो? गंमत करायचा हक्क कुणब्याच्या पोराला आहे, आपल्या पोराला नाही, हे आपण कबूल केलं. नाक्यावरच्या माणसाने जे तासभर शिकवलं तेच आपण घरात जन्मभर शिकवायला घेतलं. सुरीने मडगार्ड खरवडता येतं. पोराच्या मनात जे उमटलं ते त्या सुरीने आणखी खोल गेलं.

आणि आता चौथा. तो मी. दुसऱ्यांना एवढं सुनावल्यावर स्वतःला वगळणं ही शुद्ध ठकबाजी होईल.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका शाळेत माझ्या वर्गात कातकऱ्याचा एक मुलगा होता. शहापूर-मुरबाडकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी कायदा आला, कात गेला, कोळशाच्या भट्ट्या गेल्या, विटांच्या भट्ट्या राहिल्या. सरकारदरबारी ही ‘आदिम जमात’. त्या मुलाची पाटी-पेन्सिल नेहमी हरवलेली असे. एक दिवस वर्गातली कोणाची तरी कंपास नाहीशी झाली आणि मी पहिला त्याच्याकडे वळलो. दप्तर उपडं केलं. काही निघालं नाही. तरी माझ्या तोंडून गेलं, ‘कातोडी ते कातोडीच.’ आमच्या मोहल्ल्यात मळकट, उनाड पोराला सहज म्हणतात तसं. हिंदू आळीतही म्हणतात. या एका बाबतीत आमची एकी जुनी आहे. कंपास दुसऱ्या दिवशी खिडकीत सापडली. मुलगा त्याआधीच शाळा सोडून भट्टीवर गेला होता. तो परत आला नाही. मी त्याच्या वाडीवर गेलो नाही.

नाक्यावर भाच्याला विचारणारा माणूस आणि वर्गात उभा असलेला मी, यांत फरक शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडला नाही. त्याने निदान पिशवी तपासून पोराला जाऊ दिलं. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये (४९:११) एका समूहाने दुसऱ्याची टर उडवू नये, टोपणनावांनी एकमेकांना हिणवू नये, अशी साफ ताकीद आहे. ही आयत मी कैक तकरीरींत ऐकली आहे. पण आपल्याला कोणी नाव ठेवलं की ती आठवते. आपण ठेवतो तेव्हा आठवत नाही.

मग ठक कोण? मराठीतला पूर्ण शब्द घेऊन विचारा. ठकवणारा कोण आणि ठकलेला कोण? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो. मोडकसागर आणि भातसाही आमच्याच शहापूर तालुक्यात. धरणांत जमिनी गेल्या त्या इथल्या आदिवासी-कुणब्यांच्या, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्याही इथल्याच वाड्या. एवढ्या मोठ्या ठकण्याला कोणत्याही दंड विधानात कलम नाही, त्याच्या मडगार्डवर कोणी अक्षरं लावत नाही आणि त्याला कुठला नाका अडवत नाही.

तेव्हा सूचना एकच आहे आणि ती या वार्षिकाच्या वाचकांना आहे. रमासियाना स्लीमनने लिहिला. दुसऱ्यांच्या तोंडचे शब्द त्याने आपल्या कामासाठी गोळा केले. आपला कोश आपण लिहू या. प्रत्येकाने आपल्या गावात आपल्याला ज्या नावांनी हाक मारतात ते शब्द लिहून काढावेत. शब्द कुठून आला, आधी काय अर्थ होता, आता काय आहे, तो लावल्यावर कोणाचं काय झालं, हकिकतीसह. आणि वहीच्या दुसऱ्या बाजूने ते शब्द लिहावेत, जे आपण इतरांना लावतो. दोन्ही बाजू भरल्याशिवाय वही पुरी झाली असं समजू नये. पहिली बाजू भरायला भाच्याने सुरुवात केली आहे. त्याचा दोस्तही काही शब्द देणार म्हणतो. त्याच्या जातीलाही नावं ठेवणारे आहेतच.

दुसऱ्या बाजूची पहिली नोंद माझी. ‘कातोडी : कात करणाऱ्या जमातीचं नाव. शेणवा परिसरात हिंदू-मुसलमान दोघंही मळकट आणि चोर या अर्थाने वापरतात. एका मास्तराने वापरला आणि एका मुलाची शाळा सुटली.’